दोन एकर जमीन, पण मे महिन्यात सावली किती?

पत्र (थोडक्यात, नाव-गाव गाळून): चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर दोन एकरांवर आम्ही नवरा-बायको राहतो. दोघंही निवृत्त. नागपूरच्या भाचीने पोरांसाठी घेतलेलं रंगीत पिल्लू मोठं होऊन बांग द्यायला लागलं, सोसायटीने नोटीस काढली, आणि तो कोंबडा आमच्याकडे आला. एकाचं पाहून दुसऱ्याने आणला. आज 26 कोंबडे आणि 4 कोंबड्या आहेत. कापायचे नाहीत, विकायचे नाहीत, एवढाच आमचा नियम. रात्री टिनाच्या शेडमध्ये, दिवसा मोकळे. वेगळं ठेवायला तीन पिंजरे आहेत. काही लोक रात्री फाटकाशी पोत्यात घालून कोंबडे सोडून जातात. आता पोलीस ठाण्यातून फोन आलाय की कोंबडबाजारावरच्या (कोंबड्यांच्या झुंजींवरच्या) धाडीत 11 कोंबडे जप्त झालेत, मॅडम तुम्ही ठेवाल का? यजमान म्हणतात, बास झालं. मला वाटतं, एवढी जमीन मोकळी असताना नाही म्हणणं म्हणजे त्यांना मारणंच. किती कोंबडे म्हणजे पुरे, हे ठरवायचं तरी कसं?

उत्तर:

ताई,

तुमचं मूळ पत्र लांब आहे आणि त्यात दोन एकरांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. सावलीचा एकदाही नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत मोकळ्या आवारासाठी पक्ष्यामागे साधारण 10 चौरस फूट जागा सांगतात. दोन एकर म्हणजे 87 हजार चौरस फूट. त्या हिशेबाने तुमच्याकडे आठ हजारांवर कोंबडे मावतील! हा आकडा वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर जमिनीवरून संख्या ठरत नाही हे तुम्हालाही पटलेलं आहे. जी गोष्ट सगळ्यात आधी अपुरी पडते तिच्यावरून संख्या ठरते. तुमच्या भागात ती गोष्ट कोणती, ते मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता कळतं.

कोंबड्याला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथीच नसतात. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच 41-42 अंश असतं, आणि तुमच्याकडे बाहेरचा पारा 46 च्या पुढे जातो. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की त्याच्या हातात एकच उपाय उरतो, चोच उघडून धापा टाकणं आणि ओलावा बाहेर सोडणं. पंख अंगापासून लांब धरून, मान पुढे काढून तो उभा राहतो. वजनदार कोंबड्याचे हाल जास्त. त्या वेळी टिनाचं शेड ही भट्टी असते, तिथे कोणी जात नाही. सगळे येतात झाडाखाली. आणि गोम इथेच आहे. एरवी दोन एकरांत एकमेकांना टाळून राहणारे 26 नर नेमके त्याच वेळी, डोकं तापलेलं असताना, एका कडुनिंबाखाली खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सकाळच्या फिरण्यात ज्यांचं पटतं त्यांचं तिथे पटेलच असं नाही.

तेव्हा एक करा. उन्हाळ्यातल्या दुपारी दोन वाजता सावलीच्या कडेने फक्कीची रेघ मारा. त्या रेघेच्या आत किती चौरस फूट येतात ते मोजा आणि 16 ने भागा. म्हणजे एका कोंबड्याला चार बाय चार फूट. हा 16 चा आकडा कुठल्या सरकारी पुस्तकातला नाही, माझा अंदाज आहे. दुबळ्या कोंबड्याला दांडग्यापासून मागे सरकता आलं पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. भागाकार जो येईल तो तुमचा आजचा आकडा. तो 26 पेक्षा कमी आला तरी घाबरू नका, सावली वाढवता येते. बांबू आणि पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) 20 बाय 20 फुटांचा मांडव घातला, बाजूने गोणपाट लावून दिवसातून दोन-तीनदा भिजवलं, की 400 चौरस फूट मिळाले, म्हणजे 25 कोंबड्यांची सोय. एकच मोठा मांडव घालण्यापेक्षा लांब लांब दोन-तीन लहान मांडव घाला. पाण्याची भांडीही प्रत्येक सावलीत वेगळी. उन्हाळ्यात पाणी दुपटीने लागतं, आणि भांडं एकच असलं की दांडगा त्याच्यापाशीच बसून राहतो.

आता त्या 11 जणांचा विचार करू. तुमच्या मनात 26 मध्ये 11 मिळवून 37 झाले आहेत. कोंबड्यांचा हिशेब असा चालत नाही. नॉर्वेच्या थॉर्लिफ शेल्डरुप-एबे यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांच्या मानपानाची उतरंड मांडून दाखवली. ती दर दोन पक्ष्यांमध्ये वेगळी ठरते: कोण कोणाला टोचणार, कोण कोणाला वाट देणार. 26 पक्ष्यांमध्ये अशा 325 जोड्या होतात, 37 मध्ये 666. पक्षी दीडपटही वाढले नाहीत आणि ठरवाठरवी दुप्पट झाली. पहाटेची बांगसुद्धा या उतरंडीनेच चालते. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की गटात आधी वरचा आरवतो आणि बाकीचे आपापल्या मानाप्रमाणे मागोमाग. नवा पक्षी आला की ही घडी पुन्हा बसवावी लागते.

ती बसली की नाही हे दिवसा पाहून नीट कळत नाही. अंधार पडल्यावर, सगळे बसले की बॅटरी घेऊन शेडमध्ये जा. सगळ्यात खालच्या मानाचा कोंबडा तुम्हाला माहीत असेलच. दिवसभर कुंपणाच्या कडेने फिरणारा, शेपटीची पिसं अर्धी गेलेली, तुऱ्यावर खपल्या. त्याच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी हाताने चाचपा. दाणे भरून लिंबाएवढी टम्म लागली, तर तुमची संख्या झेपते आहे. सपाट लागली, तर खाद्याच्या भांड्यात कितीही उरलेलं असो, तुमच्याकडे कोंबडे जास्त झालेत किंवा भांडी कमी पडताहेत. आधी भांडी वाढवा आणि ती एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा चाचपा. तरी सपाट, तर नवा कोंबडा नाही. मला विचाराल तर आकडा ठरवायची याहून खरी चाचणी मला माहीत नाही. 25 जणांचं पोट भरतं म्हणून सव्विसाव्याची उपासमार सरासरीत झाकली जाते, आणि तुम्ही हे सगळं ज्याच्यासाठी मांडलंय तो नेमका तोच असतो.

(त्या 4 कोंबड्या वेगळ्या ठेवा, शक्यतो नरांच्या नजरेआड. मादी समोर नसली तर नर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात. 26 नरांमध्ये 4 माद्या ठेवणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे, त्यांच्या पाठीची पिसं पाहिलीत तर कळेल.)

झुंजीचे कोंबडे हा निराळाच मामला. पायाला काती (धारदार पातं) बांधून दुसऱ्यावर सोडलेल्या पक्ष्याला समोरचा नर म्हणजे जिवाची भीती, एवढंच ठाऊक असतं. ते सुधारत नाहीत म्हणून मारूनच टाकायचे, असा समज बराच काळ होता. अमेरिकेत मेरीलँडमध्ये 2000 साली सुरू झालेल्या आणि पुढे व्हर्माँटला हललेल्या 'व्हाइन' या आश्रयस्थानाने तो खोटा ठरवला. त्यांची रीत साधी, पण चिकाटीची आहे. झुंजीचा कोंबडा शांत कळपाच्या मधोमध पिंजऱ्यात ठेवायचा. त्याला बाकीचे दिसतात, पण भिडता येत नाही. मग देखरेखीखाली थोडा वेळ बाहेर सोडायचा, अंगावर गेला की परत आत. असं रोज, तो निवळेपर्यंत. म्हणजे एका कोंबड्यामागे एक पिंजरा, आणि रोज तो बाहेर असेपर्यंत नजर न हटवणारा एक माणूस.

तुमच्याकडे पिंजरे तीन. त्यातला एक कायम रिकामा पाहिजे, कारण फाटकाशी पोतं कधी येईल याचा नेम नाही. ही रिकामी जागा तुमच्या आकड्यातून आधीच वजा करायची असते. बरेच जण इथेच फसतात, भरता येईल तेवढं भरतात आणि मग न सांगता आलेला पक्षी थेट कळपात सोडावा लागतो. उरले दोन पिंजरे. म्हणून ठाण्याला माझ्या मते उत्तर एकच: दोन घेते. अकरा नाही, पाचही नाही. कोणते दोन, हे तुम्ही जाऊन निवडू नका, मन खाईल. ते पशुवैद्यकावर सोपवा.

आणि ते दोन घेताना कागदपत्र नीट करा. जप्त झालेला प्राणी निकाल लागेपर्यंत मुद्देमाल असतो, तुमचा नसतो. त्यांच्या देखभालीसाठी केंद्राचे 2017 चे नियम आहेत आणि देखभालीचा खर्च आरोपीवर टाकण्याची तरतूद त्यांत आहे. तुम्ही मागितलात तरच कोणी त्याकडे बघेल, म्हणून ताबा घेतानाच लेखी मागा. किती पक्षी, कोणत्या अवस्थेत, कुठे जखमा, हे ताबापावतीवर लिहून घ्या, फोटो काढा. त्यातला एखादा दगावला तर परस्पर पुरू नका, सरकारी पशुवैद्यकाकडून तपासणी करून कागद घ्या. उरलेल्या नऊ जणांसाठी जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे विचारणा करायला ठाण्याला सांगा. ते काम ठाण्याचं आहे. फोन तुम्हाला आला म्हणून ती जबाबदारी तुमची होत नाही.

आता तुमचं सगळ्यात जड वाक्य: नाही म्हणणं म्हणजे मारणंच. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तुम्ही परत पाठवलेल्यांतले काही कोंबडे ताटात जातील. आषाढात तर नक्कीच. पण हो म्हणण्यानेही कोंबडे मरतात, ते तुमच्या पत्रात आलेलं नाही. पोत्यातून आलेला एक पक्षी राणीखेत रोग घेऊन आला, आणि तुम्ही त्याला जागा नाही म्हणून त्याच रात्री शेडमध्ये सोडलात, तर लस न दिलेला अख्खा कळप आठवडाभरात आडवा होऊ शकतो. गावात ज्याला मानमोडी म्हणतात तीच ही. नव्या पक्ष्याला तीस दिवस वेगळं ठेवणं, त्याचं खाणं-पाणी सगळ्यात शेवटी करणं, त्याच्यासाठी चपला वेगळ्या ठेवणं, हे झेपत नसेल तर तो पक्षी झेपत नाही. बर्ड फ्लूचं तर विचारूच नका. 2006 मध्ये नवापूरला आणि 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला काय झालं ते पेपरात वाचलं असेल. निदान झालं की एक किलोमीटरच्या आतली सगळी कोंबडी नष्ट करतात, त्यात पाळलेले, वाचवलेले असा भेद नाही. म्हणून कोणता पक्षी कुठून, कोणत्या तारखेला आला, याची वही ठेवाच.

लसीचं एक सांगते, अशाच अडचणीतल्या इतरांनाही उपयोगी पडेल. राणीखेतची लस घरगुती मापात येत नाही, कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. तुमच्या तिसांसाठी कुपी फोडली तर बाकीची वाया. मग गावातल्या कोंबड्या पाळणाऱ्या बायांना बोलवा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून माणूस बोलवा, एका सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस. त्यांच्या कोंबड्या पुढेमागे कापल्या जाणार, हे ठाऊक असूनही करा. आजाराला तुमचं कुंपण कळत नाही. आणि पहाटेच्या बांगेवरून कुरकुर करणारे शेजारी असल्या सकाळीनंतर जरा कमी कुरकुर करतात.

पैशांचा हिशेब तुम्ही महिन्याचा दिलाय, तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मोठा कोंबडा दिवसाला साधारण 120 ग्रॅम खातो, वर्षाला 44 किलो. नीट सांभाळला तर सात-आठ वर्षं जगतो. म्हणजे साडेतीनशे किलो. खाद्य 35 रुपये किलो धरा, 12 हजार रुपये झाले, औषधपाणी सोडून. कोणी "एकच तर आहे, ठेवून घ्या ना मॅडम" म्हणालं की तो हा आकडा मागत असतो. त्याला तो मोकळेपणाने सांगा. निम्मा तरी द्या म्हणा. बरेच जण तिथूनच कोंबडा परत घेऊन जातील, आणि ज्यांना खरंच जीव आहे ते देतील. आणि हो, पत्रात तुम्ही लेअरचं (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) खाद्य आणता असं लिहिलंय. ते बंद करा. अंड्यांच्या कवचासाठी त्यात चुना भरपूर घातलेला असतो, नराच्या मूत्रपिंडाला तो बाधतो.

हे कोंबडे मुळात येतात कुठून, तेही बघा. राज्य सरकारच्या तलंगा (अंड्यावर यायच्या आधीच्या तरण्या कोंबड्या) वाटपाच्या योजनेत एका गटात 25 तलंगा आणि 3 नर देतात. साधारण आठ माद्यांना एक नर पुरतो, हे त्यामागचं गणित. पण अंड्यातून पिल्लं निम्मी नर, निम्मी माद्या निघतात. शंभर पिल्लांत पन्नास नर, त्यातले सहा-सात कामाचे. उरलेले त्रेचाळीस-चव्वेचाळीस दर खेपेला वरचे. अंड्यांच्या जातीच्या उबवणी केंद्रांतून तर नर पिल्लांना गिऱ्हाईकच नसतं, तीच रंगवून जत्रेत विकली जातात, आणि त्यातलंच एक भाचीने घेतलं असणार. हा ओघ तुमच्या दोन एकरांनी अडणारा नाही, वीस एकरांनीही नाही. त्यामुळे कोणाकडून घ्यायचा याला नियम हवा. पोरांसाठी पिल्लू घेऊन फसलेल्याचा एकदा घ्या. घरी अंडी उबवून दर हंगामात नर आणून देणाऱ्याचा दुसऱ्यांदा घेऊ नका, नाहीतर तुम्ही त्याची सोयच करून देताय. फाटकावर पाटी लावा: जागा नाही, पोत्यात सोडू नका, आधी फोन करा. प्राणी असा टाकून जाणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेही पाटीवर लिहा. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये आहे, तो मात्र लिहू नका!

शेवटी यजमानांचं. तुम्ही त्यांची बाजू एका ओळीत उरकलीत. पण दाराची कडी रोज रात्री तेच लावतात, पोती तेच उचलतात, आणि गेल्या दिवाळीला बंगळुरूला मुलाकडे जाणं तुमचं दोघांचं राहिलं, हे सगळं तुमच्याच पत्रात इकडेतिकडे विखुरलेलं आहे. तुमचा आजचा कळप दोन माणसांच्या हातावर उभा आहे. त्यातला एक माणूस पंधरा दिवस आडवा पडला तर दुसऱ्याला किती कोंबडे एकट्याने निभावता येतील, हा प्रश्न सावलीइतकाच खरा आहे. आज सव्वीस वर्षांचे असाल तर गोष्ट वेगळी, साठीनंतर आठ वर्षांची हमी देताना हा हिशेब करावाच लागतो.

तेव्हा ठाण्याला फोन करण्याआधी दोघं बसा. तुम्ही तुमचा आकडा कागदावर लिहा, त्यांना त्यांचा लिहू द्या, एकमेकांचा न बघता. मग दोन्ही कागद उघडा आणि त्यातला लहान आकडा धरा. तो 28 च्या खाली आला तर ठाण्याला दोनसुद्धा नाही म्हणून सांगा, आणि वर्षभराने, मांडव उभे राहिल्यावर, पुन्हा लिहा.